पंचांग, कांदा आणि कॉफीचा पेला

भेटवस्तूंच्या दुकानांत बसणाऱ्या माणसानें भिंतीवर एक वेळ घड्याळ न लावलें तरी चालेल, परंतु पंचांग टांगल्यावांचून त्याचा निभाव लागावयाचा नाहीं. देवळ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं आमच्या कुटुंबानें हें दुकान घातल्यापासून या गोष्टीचा आम्हांस नित्य प्रत्यय येत आहे. संक्रांत आली कीं रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणाखेरीज दुसरें कांहीं फारसें खपत नाहीं. एकेक गृहिणी एकावन्न किंवा एकशें एक नगांची मागणी घेऊन येते व तिची अट बहुधा एकच असते: वस्तु पंधरा रुपयांच्या आंतील हवी, मात्र घेणारणीस ती पन्नासाची वाटली पाहिजे. (हें कोडें कसें सोडवावें तें आमच्या वहिनींस ठाऊक आहे, धंद्याचें गुपित म्हणून येथें सांगत नाहीं.) पुढें लग्नसराई. "आहेर आणूं नये" असें पत्रिकेंत छापण्याची रीत रूढ झाल्यास बराच काळ लोटला, पण त्यामुळें आहेर बंद झाला अशी कोणाची समजूत असेल तर ती त्यांनीं सोडून द्यावी. आहेर पाकिटांत शिरला, इतकेंच. ज्या पाकिटावर एक रुपयाचें नाणें आधींच चिकटविलेलें असतें त्यांचा गठ्ठा वैशाखांत आम्हांस दर आठवड्यास मागवावा लागतो. राखी, गौरीगणपति, भाऊबीज हीं क्रमानें येतातच. एक तारीख मात्र पंचांगाच्या सणांत नाहीं व ती आम्हांस निराळी लिहून ठेवावी लागते. ती १४ फेब्रुवारी. त्या दिवशीं येणारें गिऱ्हाईक दबक्या आवाजांत बोलतें, भाव करीत नाहीं, आणि वस्तु कागदांत गुंडाळून झाली कीं पाठीमागें न पाहतां निघून जातें. अशा एका तरुणानें मोबाईलवरून पैसे चुकते केले, तोंच गल्ल्याशेजारील बोलक्या डबीनें "चारशें पन्नास रुपये प्राप्त झाले" असें ठणकावून सांगितलें, आणि पलीकडे कॉफी घेत बसलेल्या त्याच्या चुलत्यांनीं मान वर केली. तेव्हांपासून त्या तारखेस आम्ही डबीचा आवाज बारीक ठेवतों.

पंचांगाहूनहि बलवत्तर असें एक कालमापक येथें आहे, तें म्हणजे कांदा. देवळा हें १९९९ सालीं तालुक्याचें ठिकाण झालें. याच तालुक्यांतील उमराणें येथील बाजार समिति मुंबई-आग्रा महामार्गावर असून कांद्याच्या लिलावासाठीं जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. लिलावांत क्विंटलमागें पांचशें रुपये उतरले कीं त्याची खबर वर्तमानपत्रापूर्वीं आमच्या गल्ल्यास लागते. पुण्यामुंबईच्या वाचकांस कांदा महागला म्हणजे संकट वाटतें. येथें तो स्वस्त झाला म्हणजे घरोघरीं बोलणें कमी होतें.

२०२३ च्या डिसेंबरांतील गोष्ट. त्या वर्षीं ऑगस्टांत सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविलें होतें, आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. त्यापूर्वीं थोडे दिवस जवळच्या खेड्यांतील एक शेतकरी गृहस्थ मुलीच्या लग्नासाठीं दोनशें मग सांगून गेले होते. प्रत्येकावर वधूवरांचें छायाचित्र व खालीं लग्नाची तिथि. हें छापण्याची कृति मोठी मौजेची आहे. विशेष प्रकारच्या शाईनें चित्र प्रथम कागदावर उलटें उमटवितात, तो कागद मगाभोंवतीं घट्ट लपेटून यंत्रांत तापवितात. त्या उष्णतेनें शाईंतील रंग द्रवरूप न होतां एकदम वायुरूप होतो आणि मगावरील प्लास्टिकजातीच्या लेपांत शिरून बसतो. पुढें तो घांसून निघत नाहीं. हा गुण एरवीं आम्ही गिऱ्हाइकांस मोठ्या अभिमानानें सांगतों. त्या डिसेंबरांत तोच आमच्या मुळावर आला. साठ मग छापून झाले होते, आणि ते गृहस्थ दुकानांत येऊन, कॉफी नको म्हणून, बराच वेळ नुसते बसून राहिले. अखेर म्हणाले, "पन्नासच पुरेत आतां." पन्नासांचेहि पैसे त्यांजपाशीं नव्हते, हें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

दुसऱ्याच्या मुलीचें छायाचित्र असलेला मग जगांत अन्य कोणास विकतां येत नाहीं. वडीलबंधूंचें म्हणणें असें कीं, निदान मालाची मूळ किंमत तरी घ्यावी. वहिनी म्हणाल्या, साठहि मग लग्नाला जाऊं द्यावे आणि पैसे उन्हाळ कांद्यावर लिहावे. उन्हाळ कांदा चाळींत चार-सहा महिने टिकतो, म्हणून शेतकऱ्यास भावाची वाट पाहतां येते. लाल कांद्यास ती सवड नसते, तो निघाला कीं विकावाच लागतो. वहिनींचा हिशेब दयेचा नसून मालाच्या टिकाऊपणाचा होता, हें येथें नमूद केलें पाहिजे. निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजीं उठली, शुल्क मात्र राहिलें. सप्टेंबरांत तें निम्में झालें, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेंहि गेलें. आमचे पैसे तीन हप्त्यांत आले. शेवटचा हप्ता २०२४ च्या गणपतींत मिळाला. वहींतील तें पान आम्हीं अद्याप फाडलेलें नाहीं. त्याच वर्षीं लिहिलेलीं दुसरीं तीन पानें वसूल झालीं नाहींत. तींहि तशींच आहेत.

आतां कॉफीविषयीं. मग तापत असतां गिऱ्हाइकास बसवावयाचें कोठें, या अडचणींतून दुकानाच्या एका अंगास चार मेजें व कॉफीचें यंत्र आलें. आमच्या लहानपणीं घरांत कॉफी म्हणजे दुधांत उकळलेली, वर जायफळ उगाळून घातलेली, आणि तीहि पाहुण्यांसाठीं किंवा उपासाच्या दिवशीं. दक्षिणेंत ती रोजची. बाबा बुदान नांवाच्या साधूनें मक्केच्या यात्रेहून परततांना सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या अशी तिकडे कथा सांगतात. १९९६ सालीं बंगळूरांत कॅफे कॉफी डे निघालें, आणि पेल्याची किंमत व बसण्याची हौस दोन्ही वाढल्या. ती लाट आमच्या गांवास पोंचावयास वीसेक वर्षें लागलीं.

यंत्राची मात्र फार बडदास्त ठेवावी लागते. सुमारें नऊ पट वातावरणाच्या दाबानें गरम पाणी पुडींतून अर्ध्या मिनिटांत पार झालें पाहिजे. पूड किंचित् जाड दळली तर कॉफी पाणचट, बारीक दळली तर कडू. वीज गेली कीं सर्वच थांबतें. मग वहिनी वाटींत कॉफी व साखर घेऊन चमच्यानें फेटूं लागतात, आणि खरी गोष्ट अशी कीं लोकांस तीच अधिक आवडते. सर्वांत अधिक खप थंड कॉफीचा. तींत चॉकलेटचा पाक इतका असतो कीं कॉफी केवळ औषधापुरती. एका आजोबांनीं "हाई कितलाले शे?" असें आपल्या अहिराणींत विचारलें व चाळीस रुपये ऐकून ते मोठ्यानें हंसले, कारण बसस्थानकावर तेवढ्यांत चौघांचा चहा होतो. आजोबांचा हिशेब बरोबर आहे. दूध, पूड, साखर, बर्फ, वीज व फुटके पेले वजा जातां चाळिसांतून जें उरतें, तें बसण्याच्या जागेचें भाडें होय.

आणि या जागेनेंच खरा प्रश्न उत्पन्न केला. पेला ओठांस लावण्यावरून वादळ उठणें आपल्या समाजास नवें नाहीं. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ति रानडे प्रभृतींवर ग्रामण्य आलें व थोरथोरांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. तेव्हां प्रश्न चहा कोणाच्या हातचा हा होता. आतां तो कोणाच्या शेजारीं बसून, हा आहे. गांवांतील दोघातिघां प्रतिष्ठितांनीं येऊन सुचविलें कीं मुलामुलींस एका मेजावर बसूं देऊं नये, व तशी पाटी लावावी. उलटपक्षीं एका फिरत्या विक्रेत्यानें सल्ला दिला कीं मेजांस लांकडी आडोसे व पडदे करा, तासावर दर लावा, उत्पन्न दुप्पट होईल. असे आडोसे करणाऱ्या कॅफेंवर पोलिसांनीं कारवाई केल्याच्या बातम्या आपण वाचतोंच. आम्हीं पाटीहि लावली नाहीं आणि पडदाहि. चारहि मेजें रस्त्याकडील कांचेला लावलीं. पहिल्या महिन्यांत तरुण गिऱ्हाईक निम्म्यानें घटलें, आणि ज्यांनीं पाटी सुचविली ते गृहस्थहि फिरकले नाहींत.

परंतु बाहेरून आंतलें सर्व दिसतें म्हणून निराळींच माणसें येऊं लागलीं. बस चुकलेल्या महाविद्यालयांतील मुली येऊं लागल्या. नव्यानें लग्न होऊन गांवांत आलेली एक शिक्षिका वह्या तपासावयास येते. आणि आठवडे बाजाराच्या दिवशीं खेड्यांवरून आलेल्या बायका तिघींत एक कॉफी घेऊन बसतात, थोड्या वेळानें त्यांतील वडील बाई उठून वहिनींजवळ येते व हळूच विचारते, "मागें जागा आहे का?"

बाजारास आलेली बाई सकाळीं घरून निघते ती उन्हें कलल्यावर परतते. तेवढ्या वेळांत ती पाणी पीत नाहीं. कां पीत नाहीं, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. दुकानाच्या मागील शौचकूप आमच्या घरच्या माणसांसाठीं होतें. तें सर्व बायकांस उघडावें कीं नाहीं, यावरून घरांत जितका वाद झाला तितका निर्यातबंदीवरूनहि झाला नव्हता. वडीलबंधूंचा मुद्दा पाण्याचा होता, व तो खोटा नव्हता. पांचशें लिटरची टाकी बाजाराच्या दिवशीं दुपारींच तळ गांठते, उन्हाळ्यांत टँकर मागवावा लागतो, आणि झाडलोट कोणी करावयाची हा प्रश्न निराळाच. निदान कॉफी घेणारीस तरी, अशी मर्यादा त्यांनीं सुचविली. त्यावर आमच्या काकू, ज्या दुकानाच्या कारभारांत सहसा तोंड घालीत नाहींत, त्या जपाची माळ खालीं ठेवून म्हणाल्या, "अरे, चाळीस रुपये नसले म्हणजे बाईला लागत नाहीं कीं काय?" तेव्हांपासून किल्ली गल्ल्याजवळच्या खिळ्यावर असते. झाडलोटीची पाळी घरांत वांटून घेतली आहे व तींत पुरुषांची नांवें आहेत. काकूंनीं तीं स्वतः लिहिलीं. कांहीं बायका जातांना एखादी पिन किंवा फणी घेतात, पुष्कळ घेत नाहींत.

आतां चैत्र जवळ आला. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर यात्रा भरते, आणि खानदेशांतून पायीं निघालेले भाविक मालेगांवाकडून देवळा, कळवण या वाटेनें नांदुरीकडे जातात; त्यांत बायकांची संख्या मोठी असते. गेल्या खेपेस पहिल्याच दिवशीं सकाळीं दहाला टाकी कोरडी पडली व नंतर आलेल्यांस परत फिरवावें लागलें. यंदा दुसरी टाकी घ्यावयाची हें ठरलें आहे. हजार लिटरची घ्यावी कीं दोन हजारांची, आणि मागील छतास तिचा भार पेलेल कीं नाहीं, एवढेंच राहिलें आहे. भाव वडीलबंधूंनींच काढून आणले. गवंडी उद्यां येऊन छत पाहून जाणार आहे.