अनास्थेचा रकाना

गेल्या वर्षी एक संशोधक आमच्या शाळेत आले. सहावीतला एक मुलगा पंधरा दिवस शाळेत फिरकला नव्हता. त्याच्या घरी मी त्यांना घेऊन गेलो.

"का रे, शाळेत का येत नाहीस?"

"मग शेरडं कुणी राखायची?" पोराने उलट विचारले.

संशोधकांनी मान डोलावली आणि छापील कागदावर 'पालकांची अनास्था' या रकान्यात खूण केली. मी म्हटले, "साहेब, ही अनास्था कशी?" ते म्हणाले, "गुरुजी, आम्ही फक्त माहिती गोळा करतो. तत्त्वज्ञान हा आमचा प्रांत नव्हे."

माझा तंटा या वाक्याशी आहे. अनास्था हा शब्द काही त्या पोराच्या अंगणात पडलेला नव्हता. तो छापून आणलेला होता. गरज कशाला म्हणावे आणि इच्छा कशाला, याचा निवाडा त्या रकान्याने घराचा उंबरा ओलांडण्याआधीच केला होता. तत्त्वज्ञान टाळले असे ज्याला वाटते, त्याने ते न चावता गिळलेले असते! आणि परिणाम? या खुणेवरून उद्या पोराच्या आईला प्रबोधनाच्या सभेला बोलावतील, आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडेल.

दुसऱ्या टोकाला आमचे तत्त्वचिंतक. 'शिक्षण म्हणजे मुक्ती' असे ते व्यासपीठावरून सांगतात. मुक्ती कोणाची, कशापासून, हे विचारावे तर त्यांच्या वहाणांना वस्तीवरची धूळ कधी लागलेलीच नसते.

या दोघांची गाठ पडणे अशक्य आहे काय? आपल्याकडे ती पडलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडले; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल स्वतःच्या कृतीतून शिकते, हा माँटेसोरीबाईंचा विचार त्यांच्या गाठीशी होता. पण त्या पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर कोठून येणार? शिंपले, बिया, खडे हीच साधने झाली. मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. गैरहजर कोण, मूल की शाळा? प्रश्न तत्त्वज्ञानाचा खरा; पण तो सुचायला कुरणात उभे राहावे लागले.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. विद्वानांना शिकवण्याचा माझा अधिकार नाही. मागणे एवढेच: उत्तर रकान्यात मावत नसेल, तर उत्तर कापू नका, रकाना बदला. त्या पोराने उत्तर दिलेच नव्हते. त्याने प्रश्न विचारला होता. तो अजून तसाच पडून आहे.