शेणोलीच्या गाडीआधी तलाठ्याचं दप्तर

पलूस तालुक्यात इंग्रजांच्या राज्याविरुद्ध गावांनी चालवलेल्या प्रतिसरकारचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते शेणोलीचं. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. पुढच्या वर्षी 14 एप्रिलला धुळ्याचा सरकारी खजिना चळवळीच्या हाती आला. दोन्ही प्रसंग मोठ्या धाडसाचे होते आणि ते सांगितले गेलेच पाहिजेत. पण शाळेच्या भाषणापासून पुतळ्याखालच्या फलकापर्यंत आपण याच दोन प्रसंगांवर थांबतो आणि खरा प्रश्न विचारायचा राहून जातो. महायुद्ध ऐन भरात होतं, भारत संरक्षण कायद्याने सरकारच्या हाती अमर्याद अधिकार आले होते, चळवळीचे पुढारी नाना पाटील यांना पकडण्यासाठी बक्षीस लागलं होतं. तरीही कुंडल, वाळवा आणि आसपासच्या गावांनी 1943 पासून 1946 पर्यंत ही माणसं कशी जपली? माझ्या मते याचं उत्तर बंदुकीत सापडणार नाही, ते कारभारात शोधावं लागेल. युद्धाच्या काळात सरकारने गावाकडून धान्य नेलं, माणसं नेली आणि बदल्यात रॉकेल, कापड, न्याय यातलं काहीच धड दिलं नाही. ती रिकामी जागा गावाने स्वतःच्या कारभाराने भरली, आणि प्रतिसरकार टिकलं ते या पायावर.

त्या काळचा भोकाचा पैसा अजून कुणाच्या तरी जुन्या डब्यात सापडतो. 1943 मध्ये तो चलनात आला. तांबं युद्धाला लागत होतं, म्हणून पैशाच्या मधोमध भोक पाडून सरकारने धातू वाचवला. त्याआधी 1940 मध्येच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती. लष्कराच्या खर्चासाठी नोटा मात्र भराभर छापल्या गेल्या. युद्ध संपेपर्यंत देशातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या आणि भाव गगनाला भिडले. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला. शेजारच्या विजापूर जिल्ह्यात 1942-43 ला दुष्काळ पडला. बंगालमध्ये तर लाखो माणसं अन्नावाचून मेली. मुंबईत 2 मे 1943 पासून रेशनिंग सुरू झालं. शहराला धान्य पुरवायचं म्हणून खेड्यात लेव्ही आली. पिकवणाऱ्याच्या खळ्यावरून ठरलेल्या भावाने धान्य उचललं जाई, आणि त्यालाच साखर, रॉकेल, कापड घ्यायला कंट्रोलच्या दुकानापुढे उभं राहावं लागे. दुकानात माल नसे. तोच माल मागच्या दाराने काळ्या बाजारात चढ्या भावाने मिळे. गावकऱ्याला साम्राज्य रोज दिसायचं ते असं: लेव्हीचा आकडा सांगणारा तलाठी, दम देणारा फौजदार आणि रिकामं कंट्रोलचं दुकान.

हा भाग तेव्हा ज्यात होता त्या एकट्या सातारा जिल्ह्याचं हे दुखणं नव्हतं. ज्या मुंबई सरकारच्या हुकुमाखाली आपला जिल्हा होता, त्याच सरकारच्या हाती 1839 पासून 1932 पर्यंत एडनचाही कारभार होता. बहारीन, कुवेत, मस्कतच्या बाजारात आपलाच रुपया चाले, आणि तिथल्या चुलीवरचा तांदूळ, साखर, कापड मुंबई-कराचीच्या बंदरांतून जाई. युद्धाने जहाजं अडवली तशी ती किनारपट्टीही परवान्यांवर आणि रेशनवर आली. सर्वांत वाईट हाल झाले ते दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतचे. निजामाच्या फौजेत पिढ्यान्पिढ्या असलेले अरब जमादार मूळचे तिकडचेच. सिंगापूर आणि जावामध्ये स्थायिक झालेल्या भाऊबंदांनी पाठवलेल्या पैशावर हद्रमौतची घरं चालत. जपानने ती बेटं घेताच हा पैसा थांबला, त्यात पावसाने दगा दिला, आणि 1943-44 मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला. तिथेही इंग्रज थेट राज्य करत नव्हते. सुलतानाशी तह, वर एक इंग्रज सल्लागार, अशी व्यवस्था होती. संस्थानिक आणि रेसिडेंट ही जोडी आपल्याला अनोळखी नाही. साताऱ्यापासून हद्रमौतमधल्या मुकल्ल्यापर्यंत साचा एकच होता: राज्य करणारा युद्धाचा हिशेब वर देत होता, आणि ज्यांचं धान्य, ज्यांची मजुरी, त्यांना मात्र हिशेब विचारायची जागाच नव्हती. दोन्हीकडची परिस्थिती तंतोतंत सारखी नव्हती, पण दोष कुणा एका क्रूर अंमलदाराचा नसून या साच्याचाच होता, हे ही तुलना दाखवते.

कुंडल-पलूस भागाला एक गोष्ट मात्र वेगळी लाभली होती. कुंडल औंध संस्थानात होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने जानेवारी 1939 मध्ये राज्यघटना जाहीर केली आणि 72 गावांच्या त्या छोट्या संस्थानाचा कारभार गावपंचायतींच्या पायावर उभा केला. म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या आधीच या गावांना स्वतःचं कामकाज चालवायची सवय लागू लागली होती. या सवयीमागे सत्यशोधक चळवळीची मशागत होती. भटजी-सावकाराला प्रश्न विचारायला या जिल्ह्यातल्या कुळवाडी माणसांना तिनेच शिकवलं. आणि पुढारी कोण, तर नाना पाटील, जे 1930 च्या कायदेभंगात उतरण्याआधी तलाठी होते. सारा कसा बसतो, नोंद कशी फिरते, कुणाची जमीन कुणाच्या गहाणात कशी अडकते, हे त्यांना दप्तरातून ठाऊक होतं. त्यांच्या सोबत जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर यांच्यासारखी तरुण माणसं आली. त्यांनी गावोगावी न्यायदान मंडळं बसवली. तिथे सावकाराच्या गहाणाचे, बांधाचे, टाकून दिलेल्या बायकांचे तंटे निघाले. कोर्टात तारखांवर तारखा घालवणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, वकिलाशिवाय निकाल मिळू लागला. दारूच्या भट्ट्या मोडल्या, वाचनालयं काढली, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. त्या काळची गांधी लग्नं पाहा. खादीचे कपडे, मोजकी माणसं, हुंडा नाही, कर्ज काढून जेवणावळ नाही. साखर कंट्रोलमध्ये आणि कापड काळ्या बाजारात असताना लेकीच्या लग्नासाठी सावकाराच्या दारात जायची वेळ ज्याच्यावर येणार होती, त्या बापाला हा साधेपणा आदर्श म्हणून पटला असेलच, पण त्याआधी त्याचं शेत या साधेपणाने वाचवलं.

यावर पहिला आक्षेप नावाचाच आहे. लोक याला पत्री सरकार म्हणत, आणि पत्री मारण्याच्या, म्हणजे तळपायावर काठीचे फटके देण्याच्या शिक्षेच्या कथा आजही सांगितल्या जातात. ज्या न्यायात अपील नाही, त्याला न्याय म्हणायचं का, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न टाळता येणार नाही. शिक्षा कठोर होती, आणि गुप्त सत्ता चालवताना कुणावर अन्याय होण्याचा धोका नेहमीच असतो. पण त्या वेळी गावापुढे दुसरा पर्याय कोणता होता, हेही विचारलं पाहिजे. सप्टेंबर 1942 मध्ये तासगावच्या कचेरीवर शांततेत तिरंगा लागला. त्यानंतर आठवड्याभरात वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी, 10 सप्टेंबरला, इस्लामपुरात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांना गोळ्या लागल्या. निःशस्त्र माणसाने कचेरीत जाऊन दाद मागायची वाट सरकारनेच बंद केली होती. पत्रीचं समर्थन न करताही एवढं म्हणता येतं की लोक न्यायदान मंडळाकडे केवळ भीतीने आले असते, तर त्याच लोकांनी तीन वर्षं भूमिगतांना भाकरी आणि आसरा दिला नसता. भीतीने माणूस गप्प बसतो. रोज रात्री उठून दार उघडायला विश्वास लागतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. हाच जिल्हा इंग्रजांना सैनिक पुरवत होता. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी बसऱ्याहून निघून कूटच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला शरण जाऊन कैदेत गेल्या. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर मिलिटरी याच नावाने ओळखलं जातं. दुसऱ्या महायुद्धातही घराघरातली पोरं पलटणीत होती. मग साम्राज्याशी लढणारा जिल्हा तो हाच का? होय, हाच, आणि त्यात विसंगती नाही. कोरडवाहू शेतावर चार भावांचं भागत नाही, म्हणून एक भाऊ भरती होतो. त्याची मनिऑर्डर सारा भरते. ती निष्ठा पोटाशी होती, राजमुकुटाशी नव्हती. सैनिकाच्या घरीही लेव्ही होतीच, कंट्रोलच्या रांगेत त्याचीच आई उभी होती. राज्य पोराच्या रक्ताची किंमत मनिऑर्डरने देतं आणि तीच रक्कम काळ्या बाजारातून परत घेतं, हे ज्या घराला दिसलं त्या घराने भूमिगतांसाठी दार उघडलं, तर त्यात नवल काय?

प्रतिसरकारने इंग्रजांचा कारभार पुरता पुसला, असं म्हणणंही चूक ठरेल. सारा अनेक ठिकाणी सरकारच गोळा करत होतं, कचेऱ्या चालू होत्या. प्रतिसरकारची पोच काही तालुक्यांपुरतीच होती. पण राज्य कुणाचं हे गावकऱ्याने ठरवलं ते तंटा घेऊन तो कुणाच्या दारी गेला यावरून. म्हणून स्मारकं आणि जयंत्यांच्या पलीकडे आपल्याला एक काम करायचं आहे. कुंडल, पलूस आणि आसपासच्या गावांत न्यायदान मंडळाचे कागद, पंचांच्या सह्या असलेले निवाडे, वाचनालयांच्या वह्या, गांधी लग्नांच्या पत्रिका अजून कुणाच्या तरी माळ्यावर, ट्रंकेत असू शकतात. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यातली बहुतेक माणसं गेली. कागदांनाही वाळवी लागतेच. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी हे कागद गोळा करून, त्यांच्या छायाप्रती काढून नीट जपायला घ्यावेत. शेणोलीची गाडी आपल्या लक्षात राहील, तिची गोष्टच तशी आहे. निवाड्याचा कागद मात्र कुणी मुद्दाम जपल्याशिवाय उरत नाही, आणि लेव्हीच्या त्या वर्षांत इथल्या गावाने आपलं राज्य कसं चालवलं हे त्या कागदावरच लिहिलेलं आहे.