आकड्यांना डोलकाठी दिसत नाही

यॉट घ्यायला येणारा ग्राहक हल्ली तयारीनिशी येतो. ‘हिचा कम्फर्ट रेशो किती?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि आपल्यातले बरेच जण तिशीपुढचा एखादा आकडा सांगून मोकळे होतात.

यॉट-रचनाकार टेड ब्रुअर यांनी हे गुणोत्तर काहीसे थट्टेनेच मांडले होते. वर पौंडांतले वजन. खाली जलरेषेवरची लांबी, एकूण लांबी आणि रुंदी. रुंद, हलकी बोट लाटेसरशी झटका खाते, जड आणि अरुंद बोट सावकाश डोलते, एवढेच ते सांगते. तेही सारख्या मापाच्या बोटींपुरते. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 15 स्पर्धक दगावल्यानंतर अमेरिकेत कॅप्साइझ स्क्रीनिंगचे सूत्र आले. त्यात तर फक्त वजन आणि रुंदी. उत्तर 2 च्या आत आले की बोट पास.

वजन किती हे दोन्ही सूत्रे विचारतात, ते कुठे आहे हे एकही विचारत नाही. मालक डोलकाठीवर रडार चढवतो, डेकवर डिंगी आणि डिझेलचे कॅन बांधतो. वजन वाढले, म्हणून कागदावर दोन्ही आकडे सुधारतात! प्रत्यक्षात गुरुत्वमध्य वर सरकलेला असतो, कललेली बोट सावरायची ताकद घटलेली असते. त्यातून हेलकावा संथ झाल्यामुळे मालक उलट खूश.

मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहेली’ ही यॉट आणि तिची गोव्यात घडलेली प्रतिकृती ‘थुरिया’ घ्या. 32 फुटी, 11 फूट रुंद, आठ-नऊ टनांचा हा सांगाडा. कम्फर्ट रेशो चाळिशीच्या आसपास, स्क्रीनिंगचे उत्तर 1.7 च्या आतबाहेर. तरीही सप्टेंबर 2018 मध्ये, एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने ‘थुरिया’ उलटवली, डोलकाठी मोडली आणि तिच्यावरचे नाविक अभिलाष टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. दोष बोटीचा नव्हे. बोटीच्या लांबीच्या साधारण 60 टक्के उंचीची फुटती लाट आडवी आदळली, तर बहुतेक कुठलीही बोट उलटते. पण पुढचे पाहा: डोलकाठी गेल्यावरही दोन्ही गुणोत्तरे जवळपास तीच राहतात. डोलण्याला आवर घालणारे उंचावरचे जडत्व मात्र गेलेले असते, आणि बोट आत बसलेल्याला नुसती आपटत राहते.

सूत्रांना न दिसणाऱ्या या गोष्टींचे मोजमाप अवघड नाही. पाणी-इंधन भरलेली बोट शांत पाण्यात, दोर सैल सोडून लयीत डोलवा. दहा पूर्ण हेलकाव्यांचा वेळ घेऊन दहाने भागा. एवढ्यावर थांबू नका, कारण संथ हेलकावा जडत्वाचा की कमी स्थैर्याचा, हे घड्याळाला कळत नाही. केबिनमध्ये ओळंबा टांगा, मोजलेल्या वाळूच्या गोणी एका बाजूवरून दुसरीकडे न्या, ओळंबा किती सरकला ते टिपा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

पुढच्या अंकापासून आमच्या बोट-परीक्षणांत ही दोन्ही मापे आणि सामानासकटचे वजन छापू. ती न देणाऱ्या बोटीचा कम्फर्ट रेशोही छापला जाणार नाही.