घरातलं धाकटं कोण?

२०२२ साल संपत आलं होतं. मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ होती आणि आमच्या भिवंडीतही रुग्ण सापडत होते. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा चार दिवस आला नाही. हजेरीपटावर मी चार वेळा गैरहजेरी मांडली. पाचव्या दिवशी त्याच्या घरी गेले तीही काळजीपोटी नव्हे, चाचणीचा पेपर राहिला होता म्हणून.

लूमच्या कारखान्यामागची एकच खोली, माणसं आठ. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. अंगभर पुरळ, डोळे लाल. त्याच्याच गोधडीत त्याची दहा महिन्यांची बहीण खेळत होती. आई म्हणाली, "आपा, खसरा ही तो है, निकल जाएगा तो अच्छा." दादीनंही मान डोलावली. लहानपणी मलाही गोवर निघाला होता, नानीनं उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला होता. त्यामुळे मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, दुआ केली आणि निघाले. त्या बाळाकडे माझं लक्षच गेलं नाही.

मुलगा दोन आठवड्यांत शाळेत आला. बहिणीला मात्र गोवर होऊन न्यूमोनिया झाला आणि बारा दिवस ती रुग्णालयात होती. वाचली, अल्हम्दुलिल्लाह.

भावाला सोपा गेलेला आजार बहिणीला इतका जड का गेला? ती लहान होती हे तर झालंच. पण याच प्रश्नामागे लागलेल्या एका माणसाचं काम पुढे माझ्या वाचनात आलं, म्हणून आजचा हा विषय.

पश्चिम आफ्रिकेत गिनी-बिसाऊ नावाचा छोटा, गरीब देश आहे. १९७८ मध्ये पीटर आबी हे डेन्मार्कचे मानववंशशास्त्रज्ञ तिथं गेले. राजधानीतल्या बांदिम या वस्तीत कुपोषणाचा अभ्यास करायचा होता. पुढच्याच वर्षी गोवराची मोठी साथ आली आणि मुलं पटापट दगावली. अशक्त मुलं जास्त दगावत असतील, असं तेव्हा सगळेच धरून चालत. आबींकडे तर मुलांची वजनं साथीच्या आधीपासून लिहिलेली होती. ती ताडून पाहिली तर हिशेब जुळेना. फरक दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. ज्या घरांत एकापेक्षा जास्त मुलं आजारी पडली, तिथं मृत्यू जास्त होते. त्यातही ज्यानं बाहेरून गोवर आणला, त्याच्यापेक्षा ज्याला तो घरातच लागला, त्याच्या जिवाला धोका अधिक होता.

आबींचा कयास असा : बाहेर खेळताना घटकाभरात लागण होते, तेव्हा शरीरात विषाणू थोडे जातात. एकाच खोलीत, एकाच अंथरुणावर, रात्रंदिवस खोकणाऱ्या भावाशेजारी झोपणाऱ्या बाळाच्या श्वासातून ते भरपूर जातात. हे वाचताना मला ती गोधडीच डोळ्यांसमोर दिसली.

मग वेगळं झोपवायचं का? शक्य असेल तर जरूर. पण आठ माणसांच्या खोलीत वेगळं कुठं झोपवणार, हे सांगणाऱ्यानं आधी ती खोली पाहावी. शिवाय गोवर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून पसरत असतो. आईला कळतं तोवर बाळाला तो लागून गेलेला असतो. म्हणजे धाकट्याला वाचवायचं तर तजवीज आधीच झालेली हवी.

ती तजवीज म्हणजे लस. बांदिममध्ये साथीनंतर ती दिली गेली आणि तिथून संशोधनाला वेगळंच वळण लागलं. लस घेतलेल्या मुलांमधले मृत्यू इतके घटले की गोवराचे मृत्यू टळले, एवढ्यानं त्याचा उलगडा होईना. लस गोवराची आणि मुलं इतर आजारांतूनही वाचताहेत, हे कसं? आबींच्या मते लसच शरीराला इतर रोगांशी लढायला तयार करते. सगळ्यांना हे पटलेलं नाही, वाद अजून चालू आहे. दुसऱ्या संशोधकांनी प्रश्न उलटा विचारला : गोवर होऊन गेल्यावर मुलाच्या शरीराचं काय होतं?

२०१५ मध्ये मायकेल मीना आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या जुन्या मृत्युनोंदी तपासल्या. गोवराची साथ ओसरल्यावरही दोन-तीन वर्षं मुलं इतर संसर्गांनी जास्त दगावत होती, आणि लस आल्यावर तेही मृत्यू घटले. २०१९ मध्ये रक्तातून पुरावा मिळाला. नेदरलँड्समध्ये काही कर्मठ प्रोटेस्टंट कुटुंबं धार्मिक कारणानं लस घेत नाहीत. (हा प्रश्न फक्त आपल्याच मोहल्ल्यांत आहे असं समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते.) त्या समाजातल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि गोवरानंतर तपासलं. जुन्या आजारांशी लढून मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. लस घेतलेल्या मुलांत असं काही झालं नव्हतं.

शिक्षिकेच्या भाषेत सांगायचं तर वर्षभर भरलेल्या हजेरीपटाची पानंच कोणी फाडून न्यावीत, तसं हे आहे. कोण ओळखीचा, कोण परका, शरीराला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

माझा तो विद्यार्थी जूनपर्यंत आणखी तीनदा आजारी पडला. एकदा तर मी त्याला सगळ्यांसमोर "बहाणे करतोस" म्हणाले. त्याच्या प्रत्येक तापामागे गोवरच होता असं मी म्हणणार नाही, ते मला कळणारही नाही. पण ते शब्द परत घ्यावेसे वाटतात.

पुढे त्यांच्याकडे लसीकरणाचं कार्ड पाहायला मागितलं. रेशनकार्डाच्या पिशवीतच होतं. मुलाचा एक डोस गावी झाला होता, दुसरा इकडे येण्याच्या गडबडीत राहिला. मुलीला नऊ महिने झाल्यावर आई घेऊन गेली होती, पण बाळाला सर्दी होती म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून रांगेतूनच परतली. साध्या सर्दीसाठी ही लस थांबवायची नसते. पुन्हा गेली असती, पण त्या आठवड्यात नवऱ्याची पाळी बदलली आणि बाकीच्या मुलांना सांभाळायला कोणी नव्हतं. तिला लसीची भीती नव्हती, विरोध तर नव्हताच.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत मिळतो. राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. गोवर झालाच तर मुलाला डॉक्टरकडे न्या आणि अ जीवनसत्त्वाचे डोस विचारून घ्या, ते लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात. पुरळ मावळलं तरी पुढचे काही महिने ताप, खोकला, जुलाब अंगावर काढू नका.

आता वर्गातलं कोणी ताप-पुरळ येऊन घरी राहिलं की मी त्याच दिवशी फोन करते. मुलाची तब्येत विचारायच्या आधी विचारते, घरात धाकटं कोण आहे, आणि त्याचं कार्ड काढून वाचून दाखवायला सांगते. काही आयांना मी अगोचर वाटते. गेल्या महिन्यात एकीनं फोनवरच तारखा वाचल्या आणि मग म्हणाली, "आपा, दूसरा वाला तो रह गया."