फुटलेल्या पिपेटची नोंद होते, कापलेल्या हाताची नाही

कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात जा, ब्रेकेज रजिस्टर हमखास सापडेल. पिपेट फुटली की तारीख, मुलाचं नाव, वर्ग, किंमत, सही. वर्षअखेरीला अनामत रकमेतून तेवढे पैसे वजा. रहिमतपूरहून साताऱ्याला एसटीनं ये-जा करत मी सारी नोकरी प्रयोगशाळा परिचर म्हणून केली. या रजिस्टरांना रेघा मीच मारल्या. त्याच काचेनं ज्याचा हात कापला, त्याच्यासाठी मात्र एकाही रजिस्टरात रकाना नव्हता.

मोठे स्फोट क्वचित होतात. रोजचं दुखणं वेगळं. रबरी बुचात काचेची नळी घालताना ती मोडते आणि सरळ तळहातात शिरते. आम्लाच्या अडीच लिटरच्या बाटलीला बाहेरून ओघळ आलेला असतो, तो बोटांना लागल्यावरच कळतो. उन्हाळ्यात अमोनियाच्या बाटलीचं झाकण फिरवलं की वाफ फसकन तोंडावर येते. सांडलेलं पुसायला येणारी बाई ठेकेदाराची. हातमोजे स्टोअरमध्ये असतात, तिच्या हातात नसतात. मग नळाखाली हात, पट्टी, आणि ‘मामा, जरा बसा’. तेवढ्यावर प्रकरण मिटतं. मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची असली की प्रथमोपचाराची पेटी तेवढी नव्यानं भरली जाते.

माझ्या एका सहकाऱ्याला नळी अशीच लागली, ती अंगठ्याच्या मुळाशी. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठं लागलं? बरोबर गेलेल्यांनीच सांगून टाकलं, घरी लागलं. कामावर लागलं म्हटलं की चौकशी, कागदपत्रं आणि वर साहेबांची नाराजी. केसपेपरवर ‘घरी काच लागून’ असं उमटलं. टाके निघाले, पण अंगठा पूर्वीसारखा वळेना. पुढं त्यानं रजा आणि उपचाराचा खर्च मागितला, तेव्हा कार्यालयानं तोच केसपेपर त्याच्यासमोर ठेवला. त्यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. पहिल्या तासात सोयीसाठी बोललेलं वाक्य जन्मभर पुरावा म्हणून उभं राहतं, एवढंच.

कायदा याबाबतीत मुका नाही. कामावर इजा झालेल्याला भरपाई देण्याचा कायदा 1923 सालीच झाला. अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर मालकाला द्यायची आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा, ही त्याची रीत होती. कारखान्यात इजेमुळं माणूस 48 तास कामावर येऊ शकला नाही, तर ते सरकारला कळवण्याचं बंधन 1948 च्या कारखाने कायद्यानं घातलं. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या साखर कारखान्यात फिटरचं बोट यंत्रात सापडलं तर निदान कुणीतरी फॉर्म शोधतो. विद्येच्या घरात तो फॉर्म कुणाच्या टेबलावर असतो, हे विचारून बघा.

आता कुणी म्हणेल, कॉलेज म्हणजे काय कारखाना आहे? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 29 डिसेंबर 2008 रोजी 23 वर्षांची एक संशोधन साहाय्यक हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजनं ओढत होती. दट्ट्या बाहेर आला, कपड्यांनी पेट घेतला. अंगावर लॅबकोट नव्हता. 18 दिवसांनी ती गेली. कामगार सुरक्षा खात्यानं विद्यापीठाला दंड केला आणि पुढं प्राध्यापकांवर फौजदारी खटलाही भरला गेला. हे घडू शकलं, कारण ती पगारावर होती. नुसती विद्यार्थिनी असती तर ते खातं तिथं हात घालू शकलं नसतं.

ही गोष्ट साताऱ्यात जास्त टोचायला हवी. ‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीर भाऊराव पाटलांची देणगी. आज कितीतरी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत मुलं या योजनेत बागेत, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत तासावर राबतात. विळा लागला तर तो मुलगा कामगार की विद्यार्थी? मानधनाच्या हजेरीपटावर त्याचं नाव असतं, पण जखमेच्या वेळी तो कुणाच्याच यादीत बसत नाही. भाऊरावांनी मुलांना श्रमाची लाज सोडायला शिकवलं. श्रमात झालेली जखम लपवायला मात्र शिकवलं नव्हतं.

वस्तूंचा हिशेब तरी आपण नीट ठेवतो का? दिल्ली विद्यापीठानं 1968 साली घेतलेलं गॅमा किरणांचं यंत्र 1985 पासून पडून होतं. 2010 साली ते भंगारात लिलावाला गेलं. आत कोबाल्ट-60 होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, एकाचा जीव गेला, आणखी काहीजण रुग्णालयात पोचले. त्यांच्यापैकी कुणीही विद्यापीठाचा नोकर नव्हता.

माझी मागणी शिवाजी विद्यापीठाकडंही आहे आणि साताऱ्याच्या नव्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाकडंही. ब्रेकेज रजिस्टरशेजारी दुसरं रजिस्टर ठेवा. ज्याला लागलं त्यानंच त्याच दिवशी लिहावं, लिहिता येत नसेल तर सांगावं आणि लिहून घ्यावं. थोडक्यात वाचलेला प्रसंगही त्यात यावा, कारण आज बाटली नुसती निसटली, उद्या ती पायावर पडेल. पानाचा फोटो मोबाईलवर काढायची जखमीला मुभा असावी. लोक खोट्या नोंदी करतील, ही भीती मला फुकटची वाटते. नोकरी टिकवायच्या धास्तीत असलेला ठेकेदाराचा माणूस खरी नोंद करायलाच कचरतो, खोटी कुठून करणार? त्याच्यासाठी आणि ‘कमवा आणि शिका’च्या मुलासाठी वेगळी वही नको. प्राध्यापकांच्या नावाखाली, त्याच पानावर, पुढच्या क्रमांकानं त्यांचीही नावं येऊ द्या.