गाळणीकडून पत्रं वाचून घेताना

जुन्या मेलबॉक्समधल्या हजारो ईमेलमधून पाठवणारा, विषय, मजकूर आणि अटॅचमेंट वेगळे काढायचे असले, की पर्ल भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक जवळची वाट दिसते. सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन हे स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा आधीच बसवलेलं असतं. त्याच्या पर्ल लायब्ररीच्या हाती मेल दिली की ती मेलचे भाग सुटे करून देते. स्पॅम आहे का, हे विचारायचीही गरज नसते. ही वाट धरावी का?

धरावी, असं म्हणायला भक्कम कारण आहे. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये हे सॉफ्टवेअर खुलं केलं, २००४ मध्ये ते अपाचेच्या छत्राखाली गेलं. इतकी वर्षं त्याच्यासमोर मुद्दाम नियम मोडून लिहिलेल्या मेल येत आहेत: भागांची सीमा बंद न केलेल्या, एक कॅरॅक्टर सेट सांगून दुसराच वापरणाऱ्या. असल्या मेल पचवलेला पार्सर एखाद्या जुन्या प्रोग्रामने बिघडवलेल्या साध्या पत्रापाशी सहसा अडून बसत नाही.

त्यापेक्षा स्वतःच चार रेग्युलर एक्स्प्रेशन लिहू, असं वाटत असेल तर मराठी विषयाची ओळ एकदा उघडून पाहावी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि मेलसाठी ते बेस६४ मध्ये गुंडाळलं की त्याच्या चार खुणा होतात. नुसता 'क' म्हणजे '४', 'के', 'एस', 'व्ही'. एका तुकड्यात ७५ पेक्षा जास्त खुणा चालत नाहीत, म्हणून लांब विषयाचे तुकडे पडतात. चिन्ह मधोमध तोडू नये, हा नियम निदान १९९६ पासून आहे. तरी ते तोडणारे प्रोग्राम आहेतच. मग प्रत्येक तुकडा सुटा उलगडला की जोडावर कचरा उमटतो.

पण गाळणी वाचते ती निकाल देण्यासाठी, आणि माझी खरी हरकत इथे आहे. तिच्या 'बॉडी' नियमांसाठी तयार होणाऱ्या मजकुरात विषय हाच पहिली ओळ म्हणून जोडला जातो, एचटीएमएलचे टॅग आणि ओळींचे तोड काढून टाकले जातात. स्पॅम पकडायला हे योग्यच आहे. पण तोच मजकूर जपणुकीसाठी उचलला, तर पत्रात लिहिलेली कविता सलग गद्य होते आणि चार ओळींचा पत्ता एका ओळीत जातो. मूळ भाग मागायची सोय लायब्ररीत आहे, ती आठवणीने वापरावी लागते. काम झाल्यावर प्रत्येक मेसेजला 'फिनिश' म्हणावं लागतं, नाहीतर हजारो मेलच्या फेऱ्यात मेमरी फुगत जाते. शिवाय मेल नव्याने रचायची असेल तर ही लायब्ररी त्यासाठी नाहीच. तिथे पर्लचीच 'ईमेल::माइम' ही लायब्ररी बरी.

म्हणून हेडर वाचणं, अटॅचमेंट शोधणं, गचाळ मेलचा साठा चाळणं, एवढ्यासाठी मी ती बिनदिक्कत वापरेन. कोणाचा पत्रव्यवहार जपायचा असेल, तर मात्र आधी मूळ मेल बाइटन् बाइट तशीच बाजूला ठेवेन आणि मगच तिच्या हाती प्रत देईन.