मजुरी आणि वाटा

मे २०२४ मधली गोष्ट. नातू रात्री जेवताना गप्प गप्प. आमटी निवून गेली तरी भात तसाच. मी विचारलं, "कोण गेलं रे?" तर म्हणाला, "आजी, तुला नाही माहीत. स्टीव्ह अल्बिनी. शिकागोचा."

मला खरंच माहीत नव्हता. पण घरात सुतक असल्यासारखं तोंड करून बसलेल्या पोराला "असेल कुणीतरी" म्हणणं बरं दिसत नाही. म्हटलं, सांग बाबा. (आमचे चिरंजीव ड्रम वाजवतात. शेजारच्या काकूंना वाटतं आमच्याकडे रोज मांडणी पडते.)

तर मंडळी, हा अल्बिनी गाणी रेकॉर्ड करायचा. १९९७ साली त्याने शिकागोत 'इलेक्ट्रिकल ऑडिओ' नावाचा स्टुडिओ काढला. भिंतींना मातीच्या कच्च्या विटा, का तर आवाज नीट राहतो. आपल्या जुन्या मातीच्या घरात हाक कशी मऊ ऐकू येते, ते आठवलं. बाहेरगावाहून आलेल्या बँडवाल्यांची झोपायची सोयही तिथेच. बडा कंपनीवाला पाठीशी नसलेले, स्वतःच्या खिशातून पैसे काढून आलेले हे लोक. लो, साँग्ज ओहाया, गॉडस्पीड यू ब्लॅक एम्परर अशी नावं नातवाने सांगितली, मी वहीत लिहून घेतली. संगणकाच्या जमान्यातही हा बाबा जाड टेपवरच ध्वनिमुद्रण करायचा. त्याचं म्हणणं, टेप पन्नास वर्षांनी लावली तरी वाजेल, तुमची आजची फाइल उद्या उघडेल याचा भरवसा काय? माझ्या २००७ सालच्या सीडीवरचे फोटो आता उघडत नाहीत, त्यामुळे हे मला लगेच पटलं.

पण मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. १९९३ मध्ये निर्वाना नावाच्या तेव्हाच्या अतिप्रसिद्ध बँडचं काम त्याच्याकडे आलं. अशा कामात रेकॉर्ड करणाऱ्याला प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे वाटा मिळायची पद्धत. याने पत्र लिहून कळवलं, मला वाटा नको, नळदुरुस्तीवाल्याला देता तशी कामाची मजुरी द्या. गाणी तुमची, विकली गेली तर पैसेही तुमचेच. त्याच वर्षी त्याने एक लेख लिहून हिशेबच मांडला होता : अडीच लाख डॉलरची उचल मिळालेल्या बँडच्या पोरांच्या हाती शेवटी माणशी चार हजार डॉलर पडतात, आणि वर कंपनीचं देणं उरतं ते वेगळं.

आता यावर आपल्याकडचं कुणी म्हणेल, मग लतादीदींचं काय? साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी हवी म्हणून त्या भांडल्या, रफीसाहेब म्हणाले मानधन घेतलं की विषय संपला, आणि काही वर्षं दोघं एकत्र गायली नाहीत. मी तेव्हाही दीदींच्या बाजूची होते, आजही आहे. गाण्यात गळा त्यांचा होता. यंत्राची बटणं फिरवणाऱ्याचा गळा नसतो. अल्बिनी नेमकं तेच ओळखून होता, म्हणून मला या दोघांत विरोध दिसत नाही.

शिक्षकाचंही असंच नाही का? चौतीस वर्षं शिकवलं, पगार घेतला, पोरं गेली आपापल्या वाटेने. हल्ली दहावीचा निकाल लागला की क्लासवाल्यांचे फलक बघा. पोराचा फोटो वाटाण्याएवढा आणि सरांचा भोपळ्याएवढा! माझं रक्त उकळतं. असो.

माणूस देव नव्हता. तरुणपणी फार वाईट, जिव्हारी लागेल असं बोलला, लिहिलं. विनोद म्हणून. २०२१ मध्ये त्याने जाहीरपणे कबूल केलं की आपण चुकलो, आणि ते समजायला फार उशीर झाला. हे नातवाने मला चाचरतच सांगितलं, आपला हिरो कमी होईल म्हणून. मला मात्र सातवीतली एक मुलगी आठवली. तिच्या उच्चारांवरून मी वर्गाला हसवलं होतं. मी कुठे काय जाहीर केलं? आज इथे लिहितेय, ती वाचत असेल असं नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात नातवाच्या बँडला एकाने सांगितलं, दोन गाणी फुकट रेकॉर्ड करून देतो, फक्त त्यातला निम्मा हक्क कायमचा माझा. पोरं हुरळली. फुकट! घरात दोन दिवस वाद. माझा मुलगा म्हणाला, घ्या, कोण ऐकणार आहे ती गाणी? मी म्हटलं, कुणी ऐकणार नसेल तर त्याला निम्मा हक्क कशाला हवाय?

शेवटी पोरांनी वर्गणी काढली, उरलेले मी पेन्शनमधून घातले. एक साधा स्टुडिओ गाठला, तासाचा दर ठरलेला, काम झाल्यावर पैसे मोजून दिले आणि पावती घेतली. (पावती मी मागायला लावली.) काल नातवाने हेडफोन माझ्या कानाला लावला. शब्द एक कळला नाही. पण ड्रम मात्र स्वयंपाकघरातून शेजारच्या खोलीतला ऐकू यावा, तस्साच ऐकू आला. मी म्हटलं, "मांडणी छान पडलीये."

तो म्हणाला, "आजी, पुन्हा लावू?"